वापिटीच्या मागे साडूबुवा

निघायच्या सकाळी थोरल्या मेहुणीनं मला गॅरेजात गाठलं. डिकीत तंबू मावत नव्हता म्हणून मी त्याला गुडघ्यानं दाबत होतो. माणूस अशा अवस्थेत असताना त्याला महत्त्वाचं काही सांगू नये, पण ताईंना ते कसं माहीत असणार?

"एक सांगायचं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. अजिबात. कारखान्यातल्या आवाजानं गेला तो. स्वतःहून सांगायचे नाहीत. तेव्हा जरा सांभाळून आणा."

"अहो ताई, लोणावळ्याला चाललोय असं समजा."

"लोणावळ्याला कुणी बंदूक घेऊन जात नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी तंबूवर बसून तो चेपला आणि डिकी लावली. कानाचं मी ऐकलं आणि ऐकल्याबरोबर विसरलो. माझे दोन्ही कान चांगले आहेत, तरी हे असं.

'हे' म्हणजे माझे साडू. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सह्याद्रीतले गड पालथे घातलेले, आणि आमच्याकडे पोरिरुआला दोन महिन्यांसाठी आलेले गृहस्थ. त्यांना न्यूझीलंड दाखवायचं म्हणून मी त्यांना जे दाखवलं, ते दाखवायची माझी लायकी नव्हती. ती गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

शिकारीचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते ऑफिसातल्या शेजारच्या टेबलानं. त्या टेबलावर बसणारा माणूस दर सोमवारी डब्यात हरणाचे सॉसेज आणायचा आणि मी पोळी-भाजी. तो डोंगरातून आलेला असायचा आणि मी मॉलमधून. वापिटीबद्दल त्यानंच सांगितलं. अमेरिकेत ज्याला एल्क म्हणतात तेच हे जनावर. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी हौशी लोकांनी जहाजातून आणून दक्षिण बेटाच्या पार टोकाला, फिऑर्डलंडच्या डोंगरात सोडलं. घोड्याएवढं धूड, डोक्यावर झाडाएवढी शिंगं. शरदात नर माजावर येतात, तेव्हा तिथं शिकारीला कुणी जायचं याची लॉटरी काढतात. नंबर आला तर ठरलेले दिवस एक दरी तुमची.

"मग बाकी काय, सगळं झकास, स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला. "हेलिकॉप्टर सोडतं, हेलिकॉप्टर आणतं."

हेलिकॉप्टरचा भाव ऐकल्यावर मी ठरवलं की आपण चालत जायचं. माझ्या शिकारीचा पाया हा असा घातला गेला. जंगल, जनावर, पुरुषार्थ वगैरे सगळं नंतर. आधी एक्सेल. इतर लोक वाइड-अँगल स्वप्नं पाहतात, मी रकाने पाहतो. बंदूक एकच, तीही सेकंडहँड. तंबू ट्रेड मी नावाच्या जुन्या बाजाराच्या साइटवरून, कुणाचा तरी जुना. बूट होते तेच. गाइड नाही. दरवर्षी अर्ज करायचा आणि दरवर्षी लॉटरी लागायची नाही, त्यामुळे एक्सेल मात्र फार सुबक झालं.

परवाना काढायला पोलीस घरी आला, तो प्रसंगही सांगण्यासारखा आहे. इथं बंदुकीचा परवाना द्यायच्या आधी घरच्यांना एकटं बसवून विचारतात, नवरा तापट आहे का, पितो का, मारतो का. आमच्या हिनं सांगितलं, "चिडतो, पण फक्त प्रिंटरवर." मुलगी मागून म्हणाली, "बाबा इज स्केअर्ड ऑफ वेटा." वेटा म्हणजे इथला किडा, झुरळाचा थोरला काका. पोलिसाला इतकं हसू आलं की मला वाटतं परवाना त्या वाक्यावरच मिळाला. पण जाताना तो दारात थांबला आणि हसू आवरून म्हणाला, "नियम बरेच आहेत. एकच लक्षात ठेवलास तरी चालेल. जनावर ओळखता आलं म्हणजे काम झालं असं नाही. त्याच्या मागे काय आहे ते दिसत नसेल, तर गोळी सोडायची नाही. इथं दरवर्षी कुणीतरी आपलाच दोस्त मारतो."

मी जोरात मान हलवली. माझ्याकडे मारायला दोस्त होताच कुठे?

तिसऱ्या वर्षी लॉटरी लागली. ऑफिसातला शेजारी माझ्याबरोबर येणार होता, म्हणजे खरं तर मी त्याच्याबरोबर. जायच्या महिनाभर आधी तो रग्बी खेळताना घोटा मोडून घरी बसला. मी हिरमुसून बसलो असताना समोर चहा पीत बसलेले साडूबुवा म्हणाले, "अरे, मी आहे ना! बंदूक तू धर. मी ओझं धरतो. राजगड-तोरणा एका दिवसात केलेला माणूस आहे मी."

त्यांनी नकाशा पसरला. तळ्याच्या टोकापासून मुक्कामाच्या जागेपर्यंतचं अंतर बोटानं मोजलं. "एवढंच? दुपारच्या जेवणाला पोचू."

मीही मान हलवली. आम्ही दोघंही पुण्याचे, आणि पुण्यातल्या माणसाला डोंगराचा नकाशा दिसला की तो मनातल्या मनात सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो. तिथल्या वाटेवर झुणका-भाकरी मिळते आणि मुख्य म्हणजे वाट असते. फिऑर्डलंडात वाट नसते, हे नकाशात कुठंही लिहिलेलं नव्हतं, कारण ते लिहायची गरज आहे असं नकाशा काढणाऱ्याला वाटलं नसावं.

शेजाऱ्याला भेटायला गेलो तेव्हा त्यानं प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून दोन गोष्टी घ्यायला सांगितल्या. एक म्हणजे नारिंगी जाकीट, जे धुक्यातही डोळ्यात घुसतं. दुसरं म्हणजे बोलायचे वॉकीटॉकी, जोडी. जाकीट मी घेतलं. एकच. बंदूक माझ्याकडे असल्यावर ते साडूंनी घालायचं, इतकं तर्कशास्त्र मला येतं. वॉकीटॉकी मात्र रकान्यात बसेना.

"कशाला हवेत ते डबे?" साडूबुवा म्हणाले. "कुकारा घालायचा! धुक्यात चुकामूक झाली तर आम्ही तोरण्यावर काय करत होतो?"

आणि पोरिरुआच्या आमच्या दिवाणखान्यात उभं राहून त्यांनी कुकारा घातला. तोंडाभोवती हात, खालून सुरू होऊन वर चढत जाणारा, टोकाला शिटीसारखा बारीक होणारा 'कूऊऊऊ'. शेजारचा कुत्रा भुंकला. मी उत्तर दिलं. दोघंही खूश. जोडीचे पैसे वाचले.

आता हे वाचणाऱ्यांपैकी ज्यानं वापिटीचा आवाज ऐकला असेल, त्यानं इथंच कपाळाला हात लावला असेल. मी ऐकला नव्हता. तीन वर्षं मी दरांची माहिती गोळा केली, बोटीचं भाडं, फेरीचं भाडं, गॅसचे डबे. ज्या जनावरासाठी हे सगळं, ते ओरडतं कसं हे ऐकायला फुकटातला एक व्हिडिओ पुरला असता. फुकट गोष्टींकडे माझं लक्षच नव्हतं.

फेरीनं समुद्र ओलांडला, दक्षिण बेट उभं कापत गाडी हाकली, तळ्यावर बोटवाल्यानं आम्हाला टोकाच्या दगडगोट्यांवर उतरवलं आणि साडूंच्या पाठीवरच्या पिशवीला लटकणाऱ्या छत्रीकडे बघत म्हणाला, "ही कशाला?"

"पाऊस असतो म्हणतात ना," साडूबुवा म्हणाले.

बोटवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं.

दुपारच्या जेवणाला आम्ही जिथं पोचायचं होतं, तिथं दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेल्यावर पोचलो. बीच नावाच्या झाडांची मुळं, त्यांवर कमरेएवढं शेवाळ, शेवाळाखाली भोकं. पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. वरून पाऊस, खालून ओढे, आणि मध्ये जी उघडी कातडी दिसेल तिच्यावर सँडफ्लाय नावाच्या माश्या. साडूबुवा पहिल्या दिवशी तोरण्याच्या गोष्टी सांगत होते. दुसऱ्या दिवशी गप्प. त्यांचे गुडघे सुजले होते आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला. इथून माणूस खाली न्यायचा झाला तर कसा नेणार? ताईंचं 'सांभाळून आणा' मला त्या चढावर आठवलं. कान तरीही आठवला नाही.

झाडं संपतात तिथं कडेला तंबू ठोकला. वर गवताळ उघडं रान होतं, परातीसारखं खोलगट, तिन्ही बाजूंनी कडे. पावसानं आम्हाला तंबूत कोंडलं. मेतकूट-भात खायचा, झोपायचं, कुशी बदलायची. बाहेर काहीच ओरडत नव्हतं. इतक्या पावसात जनावरंही घरातच बसत असावीत.

मग एका पहाटे पाऊस थांबला आणि त्याच्या जागी धुकं आलं.

"तुम्ही इथंच थांबा," मी साडूंना बजावलं. "गुडघ्याला आराम. मी वर कडेला खडकापाशी जाऊन बसतो. धुकं निवळलं तर दिसेल काही. तंबू सोडायचा नाही."

"नाही सोडत रे."

"आणि जाकीट घाला."

"घातलंय, घातलंय."

मी बंदूक घेऊन वर गेलो. गोळ्या खाली मॅगझिनमध्ये, नळी रिकामी. हे मात्र मी नियमानं केलं होतं. खडकाला टेकून बसलो. समोरचं रान दुधात बुडवल्यासारखं. थोडं विरायचं, शंभरेक पावलांवरचं गवत दिसायचं, की पुन्हा मिटायचं.

बराच वेळ गेला आणि खालच्या अंगानं, रानाच्या पलीकडून, कुकारा आला.

मला संताप आला. सांगितलं होतं तंबू सोडू नका म्हणून! चुकले असणार, म्हणून बोलावतायत. मी तोंडाभोवती हात धरले आणि उत्तर दिलं.

लगेच परत आला. पहिल्यापेक्षा जवळ, पहिल्यापेक्षा वर चढलेला, टोकाला भोकाड पसरल्यासारखा, आणि तो संपल्यावर खाली तीन-चार हुंकार. घसा खाकरल्यासारखे, पण ज्या घशातून ते आले तो घसा माणसाचा नव्हता. माझ्या छातीत ते ऐकू आले, कानात नाही.

मी हात खाली घेतले. म्हणजे हा वापिटी! म्हणजे मी आत्ता वापिटीला आव्हान दिलं आणि त्यानं ते स्वीकारलं! तीन वर्षांचं एक्सेल डोळ्यांसमोरून गेलं. तो माझ्याकडे येत होता, फुकट, बोलावल्याबरोबर. मी बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. गोळी नळीत गेली. बंदूक खडकावर टेकली.

आणि तेव्हा तिसरा कुकारा आला.

हा पलीकडून, वापिटीच्याही मागून. मध्येच फाटलेला, शेवटी खोकला लागलेला. हा मी दिवाणखान्यात ऐकला होता.

साडूबुवा तंबूत नव्हते.

पुढची काही मिनिटं मी शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो, कारण त्या वेळी माझ्यात शांत असं काही नव्हतं. धुक्यात वापिटी ओरडला. त्याच्या मागून साडूबुवांनी उत्तर दिलं, आनंदानं. त्यावर वापिटी पुन्हा. त्यावर साडूबुवा पुन्हा, जरा जवळून. मला कळलं काय चाललंय ते. त्यांना वाटत होतं तो मी आहे. मी कुकारे घालतोय आणि ते माझ्याकडे चाललेत. आणि तेव्हा, गॅरेजात विसरून आलेला तो कान मला आठवला. एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही. माझी हाक आणि त्या जनावराची हाक त्यांच्यासाठी एकाच दिशेची होती. सगळीकडची.

मी ओरडायला हवं होतं. तिथंच, त्याच क्षणी, नाव घेऊन, बेंबीच्या देठापासून.

मी ओरडलो नाही.

का, ते सांगतो. ओरडलो असतो तर वापिटी गेला असता. पुन्हा लॉटरी, पुन्हा अर्ज. आणि मनात एक फार शहाणा आवाज बोलत होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतो तसा. म्हणत होता, साडू अजून लांब आहेत. वापिटी आधी येईल. आडवा उभा राहिला आणि मागे चढाची माती असली, तर गोळी मातीत जाईल. साडू तोवर डावीकडे सरकले असतील. मी त्या 'असतील'वर विश्वास ठेवायला तयार होतो. चाप अडवून धरणारी सेफ्टीची कळ माझ्याच अंगठ्यानं पुढे, म्हणजे उघडी, गेली. तिचा बारीक टिक् आवाज मला अजून ऐकू येतो.

धुकं जागच्या जागी घट्ट झाल्यासारखं झालं आणि ते घट्ट झालेलं म्हणजे तो होता. आधी शिंगं, अख्खं वाळकं झाड चालत आल्यासारखी. मग काळी मान, फिकट पिवळं अंग, नाकातून वाफ. आडवा नव्हता. सरळ माझ्याकडे तोंड करून. छाती दुर्बिणीतल्या फुलीवर भरून राहिली. इतक्या जवळून मलाही चुकवता आलं नसतं.

मागे काय होतं? मागे पांढरं होतं. चढ नाही, माती नाही, काही नाही. नुसतं पांढरं.

पोलीस दारात उभा राहून बोललेला शब्द न् शब्द मला आठवला आणि तरी बोट ट्रिगरवरून निघेना. अशा वेळी बोट आपलं राहत नाही. मी मनाशी म्हणालो, एक श्वास. एका श्वासानंतर तो आडवा होईल.

तो आडवा झाला नाही, पण मान वळवून मागे बघू लागला. त्याच्या मानेमागची पांढरी जागा मोकळी झाली आणि तिथं एक काळं, गोल, थरथरणारं काहीतरी होतं. मला कळेना ते काय. जंगलात गोल काही नसतं. मी दुर्बिणीतून अजून नीट पाहिलं. गोलाखाली एक चेहरा होता. चष्म्यावर पाण्याचे थेंब होते. एका हातात छत्री धरून, दुसरा हात तोंडाशी नेऊन, साडूबुवा पुढचा कुकारा घालायच्या तयारीत होते.

चष्म्यावरचे थेंब दिसले, म्हणजे मी त्यांना कशातून बघत होतो, हे कळायला मला क्षणभर लागलं. ती दुर्बीण बंदुकीवर बसवलेली होती.

मी बंदूक आभाळाकडे केली आणि ओरडलो. काय ओरडलो? "साडू!" असं. फक्त "साडू! साडू!" भांडणात किंवा लग्नात मारावी तशी हाक. वापिटी माझ्याकडे वळला. साडूबुवा मात्र खुशीत पुढे येत राहिले. त्यांच्या लेखी आता मी अगदी जवळून ओरडत होतो, त्यांच्या आणि माझ्यामध्ये ते धूड उभं आहे हे थेंबांतून त्यांना दिसतच नव्हतं. वापिटी पुन्हा त्यांच्याकडे वळला. शिंगं खाली गेली. मी खडकावर चढून उभा राहिलो, बंदूक एका हातात उंच, दुसरा हात हवेत फिरवत, आणि किंचाळलो, "खाली बसा! अहो, खाली बसा!"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बघितलं. बसले नाहीत. छत्री पुढे धरली आणि तिच्या आड उभे राहिले, समोरून पावसाची सर आल्यासारखे.

त्या जनावरानं आयुष्यात छत्री पाहिली नव्हती. ते एक क्षण थबकलं, मग आडवं उसळलं आणि माझ्या खडकाच्या शेजारून, हात लांब केला असता तर लागलं असतं इतक्या जवळून, धुक्यात निघून गेलं. आडवं गेलं. अगदी आडवं. मागे चढाची माती होती. मी बघत राहिलो.

साडूबुवा धापा टाकत वर आले. "अरे, केवढं होतं ते!" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "पाहिलंस का? आणि मारलं का नाहीस रे? समोर तर होतं तुझ्या!"

मी खडकावरून खाली उतरलो.

"तू एवढे कुकारे घालत होतास, मला वाटलं काहीतरी झालं तुला. म्हणून आलो मी. गुडघा दुखत होता तरी आलो."

"मी एकदाच घातला," मी म्हणालो.

"छे! सात-आठ तरी."

"बाकीचे त्याचे होते."

ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. त्यांनी वळून आपण आलो ती वाट पाहिली. मग वापिटी उभा होता ती जागा. मग माझा खडक. कारखान्यात तीस वर्षं सरळ रेषा तपासणारा माणूस होता तो. तिन्ही गोष्टी एका ओळीत आहेत हे समजायला त्यांना माझी गरज नव्हती.

"जाकीट कुठंय?" मी विचारलं.

त्यांनी रेनकोटची चेन खाली ओढली. नारिंगी जाकीट आत होतं. स्वेटरच्या वर, रेनकोटच्या आत. "थंडी होती रे," ते म्हणाले.

मग ते माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "त्यात गोळी आहे का अजून?"

होती. सेफ्टीही पुढेच होती. मी ती मागे घेतली. बोल्ट उघडायला गेलो तर हात चालेना. त्यावर मूठच बसेना. साडूबुवा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, नळीच्या मागे, आणि हलक्या आवाजात सांगत गेले, एखाद्या नव्या कामगाराला मशीन शिकवावं तसं. "घाई नाही. तोंड तिकडे ठेव. हं. आता वर उचल. आता मागे." गोळी उडून शेवाळात पडली. बाकीच्या मी काढून खिशात घातल्या.

"हा दांडा निघतो का पूर्ण?"

"बोल्ट? निघतो."

"काढ."

मी काढून दिला. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि रेनकोटच्या आत, जाकिटाच्या खिशात ठेवून चेन वरपर्यंत ओढली. रागावले नाहीत. मी वाट बघत होतो की रागावतील, म्हणजे मला माफी मागता येईल. "चहा टाकू चल," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले. मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालायला लागलो. ते एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तिनं सांगितलं वाटतं?"

"हो."

"हं."

बोट यायला अजून अवकाश होता. रोज सकाळी आम्ही वर जायचो, खडकाला टेकून बसायचो, मी बोल्ट नसलेली बंदूक मांडीवर घेऊन, ते रेनकोटच्या वर जाकीट घालून. आता बंदूक न म्हणता तिला काठी म्हणायला हरकत नव्हती. बोल्ट परत मागायची माझी हिंमत झाली नाही आणि त्यांनीही काढून दिला नाही. शिकार संपली असं मात्र दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. धुकं गेल्यावर एकदा लांबच्या कड्यावर तो दिसलाही, आडवा, उन्हात. साडूबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लांब आहे." ते म्हणाले, "बराच लांब आहे."

तळ्याकाठच्या टे आनाऊ गावात पोचून फोनला रेंज आली तेव्हा पहिला फोन त्यांनी ताईंना लावला. उजव्या कानाला. मी गाडीत सामान भरत होतो आणि ऐकू येऊ नये म्हणून उगाच डिकीचा आवाज करत होतो. "नाही मिळालं काही," ते सांगत होते. "धुकं होतं. हो, सांभाळलं त्यानं. हो गं, नीट सांभाळलं." मग जरा थांबून, "नाही, काही झालं नाही. आवाज असाच येतोय. थंडीनं."

त्यांनी फोन मला दिला. "बोल. तिला तुझ्याशी बोलायचंय."

मी हात पुसले, दोनदा पुसले, आणि फोन घेतला.